बेनापोलला थांबलेले सूत

१० जुलै २०२४ रोजी इचलकरंजीच्या आमच्या गोदामातून कोम्ब्ड होजिअरी सुताचे दोन ट्रक बांगलादेशाकडे रवाना झाले आणि त्या मालाच्या पैशाचा शेवटचा हप्ता १९ मार्च २०२५ रोजी आमच्या खात्यात जमा झाला. करारानुसार ही रक्कम ७ नोव्हेंबरलाच यायला हवी होती. या सगळ्या काळात आमचे सूत चोरीला गेले नाही, जळाले नाही, भिजले नाही. खरेदीदाराने तोंड फिरवले नाही. आमच्या चालकांपैकी कोणालाही इजा झाली नाही. तरीही या एका व्यवहाराने आमची छोटी पेढी बसायच्या बेतात आली होती. राजकीय अस्थिरतेचा व्यापारावर परिणाम होतो, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. तो परिणाम कोणत्या कागदावरून, कोणत्या तारखेवरून आणि कोणाच्या न झालेल्या सहीवरून आपल्यापर्यंत येऊन पोचतो, हे मात्र मला त्या आठ महिन्यांत कळले. सूत, कांदा, संत्री यांच्या निमित्ताने बांगलादेशाशी व्यवहार करणारी माणसे महाराष्ट्रात बरीच आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आमचे आबा यंत्रमागवाल्यांना उधारीवर सूत देत. वहीत नोंद असे आणि बाकी सगळा व्यवहार ओळखीवर चाले. निर्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने २०१३ मध्ये सुरू केली. गिरण्यांकडून खरेदी करणे, दर ठरवणे आणि गाड्या भरणे हे भाऊ पाहतो. कागदपत्रे आणि बँक माझ्याकडे आहेत. बांगलादेशात कापूस जवळपास पिकत नाही, पण विणलेले कपडे शिवून जगाला पुरवण्यात तो देश आघाडीवर आहे आणि त्याच्या निर्यातीच्या उत्पन्नातला ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. नारायणगंजच्या होजिअरी कारखानदाराला ऑर्डर मिळाली की सूत लवकर हवे असते आणि भारतातून ते ट्रकने थेट सीमेपर्यंत जाते. आमच्यासारख्या लहान पेढीला तिथे जागा मिळाली ती यामुळेच.

हा व्यवहार ज्या एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी) चालतो, तिची रचना आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे त्याच रचनेत घडले. युरोपातील एखादी कंपनी ढाक्याच्या कारखान्याला कपड्यांची ऑर्डर देते आणि त्याच्या नावे एलसी उघडते. ती तारण धरून कारखान्याची बँक सूत पुरवणाऱ्याच्या नावे दुसरी एलसी उघडते. तिला ‘बॅक टू बॅक’ एलसी म्हणतात. सूतवाल्याला पैसे लगेच मिळत नाहीत. आमच्या एलसीत ट्रक पावतीच्या तारखेपासून १२० दिवसांची मुदत होती. या मुदतीत सुताचे कापड व्हावे, कापडाचे कपडे व्हावेत, ते जहाजावर चढावेत, त्यांचे डॉलर यावेत आणि त्यातून आमचे बिल भागावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे ढाक्याजवळच्या गाझीपूरचा एखादा शिलाई विभाग चार दिवस बंद राहिला तर त्याची झळ मुदतीच्या शेवटी इचलकरंजीला लागणार, हे त्या व्यवस्थेतच लिहिलेले आहे. पण बँकेने एकदा बिल स्वीकारले की कारखान्याचे काहीही होवो, पैसे देण्याची जबाबदारी बँकेची असते. निर्यात सुरू केली तेव्हा आबांना मी हेच समजावून सांगितले होते की इथे खरेदीदाराच्या शब्दाऐवजी बँकेचा शब्द असतो. त्यावर त्यांनी एवढेच विचारले होते की बँकेच्या मागे कोण असते. त्या वेळी मला तो प्रश्न जुन्या माणसाच्या धास्तीसारखा वाटला होता.

दोन ट्रकांत मिळून ३२ टन सूत होते. किंमत सुमारे ९७ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ८१ लाख रुपयांच्या आसपास. एलसी हातात आली तेव्हा मी ती ओळ न् ओळ वाचली होती. कागदपत्रांच्या यादीत एक अट अशी होती की ट्रक सीमा ओलांडून गेल्याची नोंद असलेली ट्रक पावतीची मूळ प्रत जोडावी. कागदपत्रे पावतीच्या तारखेपासून २१ दिवसांत बँकेत सादर करायची होती. या दोन अटी एकत्र वाचल्या असत्या तर माझ्या लक्षात आले असते की सीमेवर ट्रक अडकला, तर कागद हाती येण्याआधीच मुदत संपू शकते. मी ती अट काढून टाकायला सांगितले नाही, कारण आधीच्या सगळ्या खेपांत ट्रक पोचल्यावर चार-सहा दिवसांत पलीकडे गेले होते. ही चूक माझी होती आणि ती मी आजही माझ्या नावावरच मांडते.

ट्रक १७ जुलैला पश्चिम बंगालमधील बनगावच्या पार्किंगमध्ये पोचले. तिथून पेट्रापोलची चौकी ओलांडून पलीकडच्या बेनापोल बंदराच्या आवारात माल उतरवायचा असतो. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध बांगलादेशातील विद्यार्थ्यांचे आंदोलन त्या आठवड्यात चिघळले होते. १८ जुलैला तिथले इंटरनेट बंद झाले आणि त्यानंतर देशभर संचारबंदी लागली. बेनापोलच्या सीमाशुल्क कार्यालयातील नोंदी संगणकावर आणि इंटरनेटवरच होतात, त्यामुळे माल आत घेण्याचे काम ठप्प झाले. सरकारने २१ ते २३ जुलै अशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आणि बँकाही बंद राहिल्या. मी रोज सकाळी पेट्रापोलच्या आमच्या क्लिअरिंग एजंटला, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या माणसाला, फोन करत असे आणि तो रोज रांगेत किती ट्रक उभे आहेत ते सांगत असे. चालक दोघेही हातकणंगले तालुक्यातले. त्यांना जेवणाखाण्यासाठी भावाने पैसे पाठवले आणि रोज रात्री त्यांच्या घरी फोन करून खुशाली कळवण्याचे काम आबांनी स्वतःहून अंगावर घेतले.

ज्या माणसाशी माझे सगळे बोलणे चालते, तो नारायणगंजच्या कारखान्याचा कमर्शियल मॅनेजर. तो मला ‘आपा’, म्हणजे ताई, म्हणतो, मी त्याला ‘भाई’ म्हणते. आम्ही आजवर समोरासमोर भेटलेलो नाही. १८ तारखेपासून त्याचा फोन लागत नव्हता. २४ तारखेला बँका काही तासांसाठी उघडल्या आणि त्याच दिवशी त्याचा आवाज ऐकू आला. कारखाना बंद होता, रंगाईसाठी भिजवलेले कापड तसेच पडून खराब झाले होते आणि त्या तयार मालाची जहाजाची तारीख हुकणार हे स्पष्ट होते. मी त्याला एलसीत मुदतवाढ करून घ्यायला सांगितले. त्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. पण बँकेच्या त्या विभागात निम्मी माणसे कामावर नव्हती आणि आठवडाभराच्या साचलेल्या संदेशांखाली आमचा अर्ज गेला. मुदतवाढीचा स्विफ्ट संदेश, म्हणजे बँकेने बँकेला पाठवायचा अधिकृत संदेश, शेवटपर्यंत आला नाही.

ट्रक २७ जुलैला सीमेपार गेले. नोंद झालेल्या मूळ पावत्या एजंटाकडे २९ तारखेला आल्या, कुरिअरने आमच्याकडे १ ऑगस्टला पोचल्या आणि २ ऑगस्टला मी त्या आमच्या बँकेत सादर केल्या. २१ दिवसांची मुदत ३१ जुलैला संपली होती. दोन दिवसांचा उशीर.

बँकेतील ज्या अधिकाऱ्यांनी ते कागद तपासले, त्यांनी माझ्यासमोर एलसींचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे यूसीपी ६००, उघडून ठेवले. त्यातले २९ वे कलम सांगते की सादर करण्याचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस धरावा. पण ती सुट्टी ३६ व्या कलमातील कारणांमुळे असेल तर ही सवलत नाही. ३६ व्या कलमात दंगली, नागरी उद्रेक, बंड, युद्ध यांची यादी आहे, आणि अशा खंडाच्या काळात ज्या एलसींची मुदत संपली त्यांचे पैसे बँक नंतर देणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या बाबतीत तर शेवटच्या दिवशी इथली बँक उघडी होती, त्यामुळे कोणतेच कलम आमच्या बाजूने नव्हते. इतकी वर्षे मी ही कलमे पाठ असल्यासारखी सांगत आले होते. दिवाळीची सुट्टी आणि देशातला उठाव यांत नियमाने केलेला हा फरक मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. कागदपत्रांत उणीव निघाली की बँकेची बांधिलकी सुटते आणि सगळे पुन्हा खरेदीदाराच्या मर्जीवर येते. आबांच्या वहीतल्या उधारीत आणि आमच्या एलसीत आता काहीही अंतर उरले नव्हते.

कागद ढाक्याला रवाना झाले आणि तीन दिवसांनी, ५ ऑगस्टला, पंतप्रधान शेख हसीना राजीनामा देऊन देश सोडून गेल्या. पेट्रापोलची मालवाहतूक थांबली, विमाने रद्द झाली. आमचे चालक त्याआधीच रिकाम्या गाड्या घेऊन परतीला लागले होते, एवढाच त्या दिवसाचा दिलासा. ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकारने शपथ घेतली. सरकार बदलल्याची बातमी जग दोन दिवसांत वाचून मोकळे झाले. आमच्या कामाशी संबंधित बदल त्यानंतर कितीतरी आठवडे चालू होते. बांगलादेश बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, गव्हर्नरांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी अहसान मन्सूर आले. खात्यातून एका दिवसात १ लाख टाकांहून (टाका हे तिथले चलन) अधिक रोख काढता येणार नाही, अशी मर्यादा आली. आधीच्या राजवटीशी जवळीक असलेल्या उद्योगसमूहांच्या ताब्यातील अनेक खासगी बँकांची संचालक मंडळे मध्यवर्ती बँकेने बरखास्त केली. आमची एलसी उघडणारी बँक त्यांपैकीच एक होती.

आमचे पाकीट ढाक्यात १२ ऑगस्टला पोचले आणि १९ तारखेला उशिराच्या उणिवेची सूचना आली. कारखान्याने २९ ऑगस्टला ती उणीव मान्य असल्याचे लेखी कळवले. मालाचे बाजारभाव उतरलेले असताना खरेदीदार अशा उणिवेचा फायदा घेऊन सवलत मागू शकतो, आणि या धंद्यात ते सर्रास चालते. त्यांनी तसे केले नाही, याची नोंद इथे व्हायलाच हवी. पण बँकेकडून स्वीकृती यायला आणखी जवळजवळ महिना लागला, कारण मंडळ नवे, वरचे अधिकारी बदललेले आणि परकीय चलनाच्या कोणत्याही बांधिलकीवर सही करायला कोणी तयार नाही. मॅनेजर रोज बँकेत जाऊन बसत असे. एकदा तो म्हणाला, “आपा, फाइल टेबलावर आहे, पण टेबलामागची खुर्ची रिकामी आहे.” स्वीकृतीशिवाय कागद सुटत नाहीत आणि कागदांशिवाय माल सुटत नाही. त्यामुळे आमचे ३२ टन सूत २४ सप्टेंबरपर्यंत बेनापोलच्या शेडमध्ये पडून राहिले आणि त्याचे भाडे कारखान्याच्या डोक्यावर चढत गेले.

त्याच काळात आशुलिया, सावर आणि गाझीपूर या पट्ट्यात पगाराच्या आणि इतर मागण्यांसाठी कामगार रस्त्यावर उतरले होते आणि कारखाने वारंवार बंद होत होते. त्या कामगारांबद्दल माझ्या मनात राग कधीच आला नाही. तिथल्या कपडे कामगाराचे किमान वेतन महिन्याला १२,५०० टाका आहे, आणि बँकच मालकाला पैसे काढू देत नसेल तर तेही वेळेवर हातात पडत नाही. यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या माणसाला पगाराचा शनिवार चुकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इकडे आमची अवस्था अशी होती की गिरणीचे पैसे पंधरा दिवसांत देणे भाग होते आणि ते आम्ही बँकेच्या पॅकिंग क्रेडिटमधून, म्हणजे निर्यातीचा माल घेण्यासाठी मिळणाऱ्या कर्जातून, दिले होते. एरवी बिल सादर केले की बँक ते वटवते आणि ते कर्ज फिटते. उणीव असलेले बिल वटवायला बँकेने नकार दिला, आणि बँकेच्या जागी मी असते तरी तेच केले असते. कर्ज उभे राहिले, व्याज चालू राहिले आणि पुढच्या मालासाठी कर्जाची मर्यादाच शिल्लक राहिली नाही. ऑक्टोबरमध्ये आबांच्या दोन मुदत ठेवी मोडल्या. दिवाळीत गोदामातल्या सात माणसांना बोनस दिला; तो कुठून दिला हे त्यांना कळू दिले नाही.

७ नोव्हेंबर आला आणि गेला. बँकेने बिल स्वीकारलेले होते, कारखान्याने टाकांत रक्कम भरली होती, पण बँकेकडे डॉलर नव्हते. इथे चलनाचाही हिशेब समजून घ्यावा लागतो. मे २०२४ मध्ये डॉलरचा अधिकृत दर ११० टाकांवरून ११७ वर नेला गेला होता, आमच्या करारावेळी तो ११८ च्या जवळपास होता आणि आमचे शेवटचे पैसे आले तेव्हा १२२ होता. आमच्या एकाच बिलावर कारखान्याला या फरकापोटी सुमारे ४ लाख टाका जादा मोजावे लागले. नोव्हेंबरअखेरीस मध्यवर्ती बँकेने सहा अडचणीतल्या बँकांना २२,५०० कोटी टाका देण्याचे जाहीर केले. त्यातून ठेवीदारांना पैसे मिळू लागले, पण नोटा छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. आमच्या हाती डिसेंबरमध्ये ३० टक्के रक्कम आली, फेब्रुवारीत आणखी थोडी, आणि उरलेली मार्चमध्ये, ईदच्या आधी.

या वाट पाहण्याच्या काळात दोन मुदती आमच्या डोक्यावर होत्या. त्या वेळच्या नियमानुसार निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत देशात आले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत ते बिल थकीत दिसते आणि पुढची निर्यात अवघड होते. आमचे नऊ महिने एप्रिलच्या मध्यावर भरत होते. दुसरी मुदत निर्यात पतविम्याची, म्हणजे परदेशातले पैसे बुडाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याची. देय तारखेनंतर चार महिने वाट पाहून दावा करता येतो, म्हणून मी फाइल ७ मार्चसाठी तयार ठेवली. विमा कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी अतिशय आपुलकीने सगळे कागद पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला: नुकसान राजकीय कारणाने झाले की व्यापारी कारणाने? पैसे बाहेर पाठवण्यातला अडथळा हा राजकीय धोका. बँकेची अडचण हा वेगळा धोका. आणि कागद उशिरा दिले ही निर्यातदाराची चूक, तिला विमा नाही. इंटरनेट बंद झाले म्हणून ट्रक थांबले, ट्रक थांबले म्हणून कागद उशिरा आले, सरकार पडले म्हणून बँकेचे मंडळ गेले, मंडळ गेले म्हणून सही झाली नाही. यातला कोणता दुवा राजकीय आणि कोणता व्यापारी, हे फॉर्मच्या एका चौकटीत लिहायचे होते. मी त्या फॉर्मसोबत चार पानांचे टिपण जोडले. दाव्याचा निर्णय होण्याआधीच पैसे आले, म्हणून त्या टिपणाचे काय झाले असते हे सांगता येत नाही. पण असे टिपण त्या-त्या दिवशी लिहून ठेवावे, पेट्रापोलचे निरोप, मॅनेजरचे संदेश, बँकेच्या सुट्टीच्या घोषणा तारखांसह जपाव्यात, हे मी आता प्रत्येक नव्या निर्यातदाराला आवर्जून सांगते.

व्याज, मोडलेल्या ठेवींवरचा तोटा आणि हुकलेल्या दोन ऑर्डरी धरून आमचा त्या खेपेतला नफा पूर्ण गेला आणि पदरचे साडेपाच लाख रुपये गेले. मॅनेजरचे नुकसान पैशांत मोजण्यासारखे नाही. त्याच्या आईचे उपचार कोलकात्यात चालू होते. भारताची व्हिसा केंद्रे बंद झाली आणि नंतर मोजक्याच अर्जांसाठी उघडली, त्यामुळे तिची ठरलेली तपासणी दोन वेळा चुकली. तो हे एकदाच, बोलण्याच्या ओघात बोलून गेला आणि लगेच बिलाच्या विषयाकडे वळला.

शेवटचा हप्ता येऊन महिनाही झाला नव्हता, तोच एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने बेनापोलसह भूमार्गाच्या चौक्यांवरून सुताची आयात बंद केली. त्याच्या आठवडाभर आधी भारताने बांगलादेशी मालाला आपल्या भूमीवरून तिसऱ्या देशांत पाठवण्याची सवलत काढून घेतली होती, आणि मे महिन्यात तिथल्या तयार कपड्यांना भारतात फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच प्रवेश ठेवला. आता आमचे सूत न्हावा शेव्याहून जहाजाने चट्टग्रामला जाते. त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आमचे भांडवल पाण्यावर असते.

गेल्या खेपेच्या एलसीचा मसुदा आला तेव्हा मी आधी कागदपत्रांची यादी वाचली, मग सादर करण्याची मुदत, आणि या वेळी दोन्ही शेजारी-शेजारी लिहून त्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडून पाहिल्या. पलीकडच्या कोणत्याही कार्यालयातून यावा लागेल असा एकही कागद मी यादीत राहू दिला नाही. २१ दिवसांऐवजी ३० दिवस मागितले आणि दुसऱ्या देशातील बँकेचे कन्फर्मेशनही, म्हणजे पैसे देण्याची तिची जादा हमी, मागितले, ज्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलायचे ठरले. मॅनेजरने बँकेतून तिन्ही बदल तीन दिवसांत करून आणले. स्विफ्टची प्रत पाठवताना त्याने खाली लिहिले होते की आईला अखेर व्हिसा मिळाला आहे आणि पुढच्या मंगळवारी ते दोघे बेनापोलवरूनच कोलकात्याला जाणार आहेत.